वाटाण्याचा डेमो

तर झालं असं की, आमची शॉर्टफिल्म गेले आठ महिने 'फीडबॅक'मध्ये अडकलेली आहे. बारा पानांची स्क्रिप्ट. गोष्ट साधीच: लेथ मशीनवर तीस वर्षं काम केलेल्या माणसाची शेवटची शिफ्ट. चिकलठाणा एमआयडीसीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना दुसरं काय सुचणार म्हणा! दर शनिवारी ऑफिस सुटलं की टपरीवर चौघं जमायचं, कटिंग मारायचा आणि एकमेकांच्या चुका काढायच्या. एकाला शेवट पटत नाही, दुसऱ्याला सुरुवात, तिसऱ्याला नायकाला मुलगी हवी आहे. फाईलचं नाव आता 'फायनल_नऊ_खरंच_फायनल' असं आहे. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

परवाच्या शनिवारी याच वैतागात दादासाहेब फाळक्यांबद्दल वाचत बसलो. 'राजा हरिश्चंद्र' आपल्या सगळ्यांना पाठ असतो, निदान सामान्यज्ञानाच्या प्रश्नापुरता तरी. पण त्याच्या आधी त्यांनी एक मिनिटभराची फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त आणि डोक्यात कृष्ण, असं त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांमध्ये सांगितलंय. वय चाळीस. छापखान्याच्या धंद्यातल्या भागीदारांशी बिनसलेलं, पदरात संसार. पुढचं वर्ष त्यांनी सिनेमे बघण्यात आणि कॅटलॉग वाचण्यात घालवलं. इतकं, की डोळे गेले. डॉक्टरांच्या उपचारांनी ते परत आले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला गडी लंडनला निघाला.

तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना थेट ऑफिसात जाऊन भेटले. कॅबर्न यांचा फीडबॅक स्पष्ट होता: या फंदात पडू नका, इथेही लोक बुडतात, तुमच्याकडची हवाही याला सोसणार नाही. आमच्या टपरीवर एवढं ऐकलं असतं तर प्रोजेक्ट तिथेच बंद झाला असता. फाळके हलले नाहीत, तेव्हा त्याच कॅबर्ननी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे धाडलं आणि कुठला कॅमेरा घ्यावा हेही सांगितलं. पन्नास पौंडांच्या विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन १ एप्रिलला फाळके मुंबईत परत. कॅमेरा मे महिन्यात आला.

आता पैसे. गहाण टाकायचं ते टाकून झालेलं. चित्रपट काढतो म्हणणाऱ्या माणसाला सावकार काय विचारणार? दाखवा बुवा काय ते. फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा वाचून दाखवली नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात वाटाण्याला कोंब फुटला, वेल वर चढला. हे बघून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की त्यांनी रोज एकच फ्रेम घेतली. हिशोब बसत नाही हो! सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९६०. रोज एक घेतली तर महिन्यात तीस, म्हणजे जेमतेम दोन सेकंद. मिनिट भरायला रोज बत्तीसच्या आसपास हव्यात. त्या काळच्या बहुतेक हॅंडलवाल्या कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला आठ फ्रेम जायच्या. म्हणजे रोज चार फेरे. दिवसाला दोन सेकंदांचं काम आणि बाकी वेळ वाट बघायची. ही 'रोज चार फेरे'वाली शिस्त मला एका फ्रेमच्या दंतकथेपेक्षा जास्त आवडली.

दुसरा हिशोब सरस्वतीबाईंचा. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची; रात्री अंधारात यंत्रावर भोकं पाडायचं काम त्या करत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट. फुटाला सोळा फ्रेम, फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं, म्हणजे एकूण पावणेपाच लाखांच्या आसपास. वाया गेलेली फिल्म वेगळीच. शिवाय दागिने कर्जापायी तारण, आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात. श्रेयनामावली आज लिहिली तर त्यांचं नाव चार ठिकाणी येईल.

पुढचं ठाऊकच आहे. कृष्णाचा विषय मागे पडला (तो १९१८ मध्ये 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये आला, आणि कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी). हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून ग्रॅंट रोडच्या हॉटेलातले साळुंके; तिथे पगार दहा रुपये, फाळक्यांनी पंधरा दिले. सिनेमात काम करतो म्हणायची लाज, म्हणून नटमंडळी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' काम करतो म्हणून सांगत. ६ महिने २७ दिवस. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ आणि ३ मेला कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी. असो.

हे सगळं एका बैठकीत वाचून काढलं आणि रविवारी सकाळी बाबांना म्हणालो, "तुमच्या जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथचे दोन शॉट घेऊ."

"कुठला लेथ? तो दिवाळीतच भंगारात गेला की."

आमच्या स्क्रिप्टचा नायक म्हणजे बाबाच, हे मी इथे आधी लिहायला हवं होतं. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही चौथ्या ड्राफ्टवर होतो. मशीन गेलं तेव्हा सातव्या. सातव्यात आम्ही काय केलं होतं, तर नायकाचं नाव बदललं होतं.

मी काही बोललो नाही. बाबाच थोड्या वेळाने म्हणाले, "किती दिवस कागदावरच करायलात रे तुम्ही? हात तर आहेत ना माझे."

तर येत्या रविवारी आमच्या गच्चीवर शूटिंग आहे. लेथ नाही. बाबा नुसत्या हातांनी, न दिसणाऱ्या मशीनवर जॉब लावतात, टूल पुढे घेतात, मधेच थांबून मायक्रोमीटर धरतात. काल एकदा मोबाईलवर घेऊन बघितलं, एक मिनिट दहा सेकंद. टपरीवर अजून कोणाला दाखवलेलं नाही. बाबा मात्र सकाळपासून दोनदा विचारून गेलेत, निळा शर्ट घालू का खाकी.