तटाखालचे पाणी

कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असे आज कोणी विचारले तर आपण बहुधा मालवणच्या सहलीकडे बोट दाखवू. एके काळी मात्र हा संबंध राज्यकारभाराचा होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पुढे हा किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे नामकरण केले, पुढच्याच वर्षी तो परत दिला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या गादीच्या अमात्याने ते लिहिले, तिच्याकडे शंभर वर्षांनी सिंधुदुर्ग उरला नाही.

समुद्र दुरावलेल्या या मुलखाने पाणी शिकले ते विहिरीत आणि पंचगंगेच्या डोहात. पाठीला सुका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधायचा, हातपाय मारता येऊ लागले की तो सोडायचा. मग काठावरून मुटका, सूर आणि शेवटी बुडी. तळाशी टाकलेले नाणे वर आणणारा पोरगा पट्टीचा पोहणारा ठरे. या शाळेचा मुख्य धडा एकच : दम धर.

आज घाट उतरून मालवण-तारकर्लीला स्कूबा शिकायला जाणाऱ्या नवशिक्याला पहिल्याच दिवशी याच्या उलट सांगितले जाते : दम कधीही धरू नका. त्याला कारण आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केलेले उपकरण सिलिंडरमधली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने देते. दहा मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. ती कोंडून धरली तर फुप्फुसाला इजा होते, प्रसंगी जीवही जातो. म्हणून श्वास चालू ठेवणे, खाली जाताना कानांतला दाब जुळवणे आणि वर येताना घाई न करणे ही या विद्येची बाराखडी. प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे खाली जाऊन येणे म्हणजे केवळ तोंडओळख. पुरा प्राथमिक अभ्यासक्रम करणाऱ्यास अठरा मीटरपर्यंत जाण्याइतके शिकवतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचे मोल का वाटावे? आपली दुर्गवर्णने तट, बुरूज, दरवाजे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी यांपाशी थांबतात. भरतीच्या रेषेखाली आपली वाक्ये उतरत नाहीत. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिची तपासणी केली, तेव्हा आरमारी इतिहासाला एक नवे साधन मिळाले. दप्तरखान्यात जे काम मोडी वाचणारा करतो, तेच काम येथे बुडी मारणारा करतो. मोडी न शिकता मूळ कागद वाचता येत नाही, तसेच हेही.

सिंधुदुर्गाचे रक्षण तटाइतकेच भोवतालच्या खडकांनी केले. त्या वाटा ठाऊक असणाऱ्या तांडेलांचे ज्ञान कागदावर फारसे उतरले नाही. त्याच खडकांवर आज प्रवाळ आहे, आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. येथे नवशिक्याची चूक केवळ त्याची राहत नाही. तरंगता न येणारा माणूस आधारासाठी प्रवाळावर पाय देतो, होडीचा नांगर त्यावर पडतो, आणि वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. दप्तरातले पान फाडणाऱ्यास आपण वाचक म्हणत नाही. पाण्याखालचा वाचकही त्याच कसोटीला उतरला पाहिजे.

१८१२ मध्ये गेलेला समुद्र राज्य म्हणून परत मिळणार नाही; विद्या म्हणून तो मिळू शकतो. त्यासाठी विहिरीत कमावलेले धाडस कामाचे आहेच. पण दम धरण्याची जुनी सवय मात्र काठावर ठेवूनच खाली उतरावे लागेल.