दवाखान्याच्या भिंतीवरचा सव्वाशे वर्षांचा मजकूर

कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. केसपेपर निघेपर्यंत वेळ असतोच, तेवढ्यात भिंती वाचून काढा. हात धुवा, पाणी साचू देऊ नका, दोन मुलांत अंतर ठेवा, बाळाला वेळेवर लस द्या. सगळं बरोबर आहे, तक्रार नाही. पण आज डॉक्टर आहेत का, कुत्रा चावल्यावरची लस शिल्लक आहे का, सोनोग्राफी कुठल्या वारी आणि कुठे होते, फुकट काय आणि पैसे कशाला, हे भिंतीवर सापडतं का? सापडलं तर नशीब. नाहीतर शिपाईमामांना विचारायचं, आणि त्यासाठी शिपाईमामा जागेवर असावे लागतात.

तालुक्याच्या बातम्या करताना आरोग्य केंद्राची जी भांडणं माझ्यापर्यंत येतात, त्यातली बरीचशी उपचाराची नसतातच. ती माहितीची असतात. कुणी रिक्षा करून आलं आणि लस संपलेली. कुणाला गाडी फुकट मिळते हेच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे दवाखान्याची भिंत बोलते, पण लोकांनी काय करायचं ते सांगते. लोकांना काय मिळणार, ते सांगायला कचरते. ही सवय आजची नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. जाहीरनामे निघाले, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, संशयितांना उचलून छावण्यांत नेलं जाऊ लागलं. नेलेल्या माणसाचं तिथे काय करतात, हे घरच्यांना धड कुणी समजावून सांगत नव्हतं. मग ती जागा अफवांनी भरली. गोरे डॉक्टर माणसाच्या अंगातून मोमियाई काढतात, ही त्यातली सगळ्यात भयंकर अफवा. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सोल्जर घराघरांत घातले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. चाफेकरांपर्यंत आपण सगळे पोचतो. दवाखान्याच्या दारात कुणी काही सांगत नव्हतं, तिथपर्यंत मात्र कमी जण जातात.

त्याच साथीत पुण्याबाहेर ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी तिथे आणत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तिथे जाहीरनाम्याची गरज नव्हती, ओळखीचं माणूस हाताला धरून नेत होतं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. (आपल्या भोर संस्थानाशी त्याचा संबंध नाही, सर जोसेफ भोर हे अध्यक्ष होते.) आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्याची कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास योजना सुरू झाली, तिच्याबरोबर ही केंद्रं गावाकडे सरकली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्र त्यांच्याकडे गेलं. डॉक्टर आले, नर्सबाई आल्या, भिंती आल्या.

भिंती रंगल्या त्या मात्र मोहिमांनी. साठच्या दशकात कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला. अक्षर न येणाऱ्यालाही तो कळायचा, एवढं चांगलं चिन्ह सरकारी खात्याला पुन्हा क्वचितच सुचलं असेल. सत्तरच्या दशकात देवीचा रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. रक्कम वाढत वाढत १००० रुपयांवर गेली, आणि १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. म्हणजे ठरवलं तर सरकार एकूण एक गावापर्यंत निरोप पोचवू शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. पोचवता येत नाही, मनुष्यबळ नाही, ही सबब मी म्हणूनच ऐकून घेत नाही.

पण हीच यंत्रणा १९७६ मध्ये नसबंदीच्या मागे लागली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. घरातली म्हातारी माणसं आजही सरकारी दवाखान्याची गाडी म्हटलं की जरा बिचकतात, त्याचं मूळ तिथे आहे. सांगणारा आपल्या भल्याचं सांगतोय की टार्गेट पुरं करतोय, हे कळेनासं झालं.

याच काळात आपल्या नगर जिल्ह्यात वेगळं काही घडत होतं. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या घरोघर जाऊन सांगायच्या आणि पेशंटबरोबर दवाखान्यात जायच्या. आज आशाताई जे करतात, त्याचा नमुना देशाने जामखेडसारख्या ठिकाणांहूनच घेतला. फरक एवढाच की आशाताईंच्या डोक्यावर आपण इतके रजिस्टर आणि इतकी ॲप घातली आहेत की सांगायला वेळ उरत नाही.

‘तुम्हाला काय मिळेल’ हे लिहून लावायचं, ही भाषा सरकारात आली १९९७ नंतर, नागरिकांच्या सनदेच्या रूपाने. २००५ मध्ये माहिती अधिकार आला. त्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयाने कुणी मागायच्या आधीच आपली माहिती उघड करायची आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, रुग्ण कल्याण समित्या आल्या. केंद्रावर सनद लावा, हे आता मानकांतच लिहिलेलं आहे.

२००७ मध्ये आपल्या राज्यात एक प्रयोग झाला, त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. लोकाधारित देखरेख. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं: हिरवा, पिवळा, लाल. मग जनसुनावणी, समोर अधिकारी, आणि बाई उठून विचारणार की मला बाहेरून औषध का आणायला लावलं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने त्याचा समन्वय केला. जनसुनावणीत प्रश्न विचारायचा तर आपला हक्क काय ते आधी ठाऊक पाहिजे. म्हणून माहितीचा फलक तिथे शोभेचा राहत नाही, तो हातातला पुरावा होतो. माझ्या मते या प्रयोगाचं खरं यश तेच.

आता नियमाने काय मिळतं ते बघा. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे, सिझेरियनसुद्धा. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून आणायला गाडी आणि परत सोडायलाही गाडी. परत सोडायची गाडी! किती बाळंतिणी आजही भाड्याच्या जीपने घरी जातात ते आपण बघतोच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गरोदर बाईसाठी १०२, अपघात-तातडीला १०८, नुसता सल्ला हवा तर १०४.

खासगीवाले सुटले असं नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की आपली फी फलकावर लिहायची. पाटीवर पदव्या चार ओळी असतात, फीची ओळ मी क्वचित पाहिली. यावर एक जुने डॉक्टर मला म्हणाले, ‘आमचं काय किराणा दुकान आहे का? गरिबाचे आम्ही पैसेच घेत नाही.’ त्यांच्याबाबतीत ते खरं होतं. पण तसे फॅमिली डॉक्टर गावागणिक कमी होत चाललेत, आणि फलक लावल्याने कुणाला फी माफ करायला बंदी होत नाही. खाटा असलेल्या दवाखान्यांना तर २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. त्याला कोरोनाची पार्श्वभूमी होती. मे २०२० मध्ये सरकारने खासगी खाटांचे दर ठरवले: साधा वॉर्ड दिवसाला ४०००, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. ज्यांना हे दर आधी माहीत होते त्यांनी बिलावर हुज्जत घातली आणि पैसे कमी करून घेतले. ज्यांना नव्हते त्यांनी दागिने मोडले.

कुत्रा चावला तर लस त्याच दिवशी सुरू करायची, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. केंद्रात साठा नसेल आणि दारावर तसं लिहिलेलं नसेल, तर मजुरीवर जाणारा माणूस पहिला दिवस हेलपाट्यात घालवतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. एका खडूच्या ओळीने हे टळतं. फळा बहुतेक केंद्रांत आहे, खडूही असतो.

आपल्या केंद्रावर सनद, आजचे हजर डॉक्टर आणि औषधांचा साठा लिहिलेला नसेल तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना नीट बोलून सांगा, बरेचजण ऐकतात. मग रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा. तरी हललं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तेवढेही लागत नाहीत, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जाचा साधा मराठी नमुना मी तयार केलाय, हवा असेल त्याने गावाचं नाव लिहून मेसेज करा, पाठवतो.