तळटीप : 'पोटात घाला'

पोटात घाला : चुकीची क्षमा मागताना वापरायचा शब्दप्रयोग. धारवाडच्या माणसाला तो दुप्पट ओळखीचा, कारण कानडीतही अशा वेळी 'होट्टेगे हाकिकोळ्ळी' असेच म्हणतात. होट्टे म्हणजे पोट.

हुबळी-धारवाडच्या कित्येक मराठी घरांत दोन्ही भाषा रोज कानी पडतात, आणि पोटाचे शब्द जोडीजोडीने भेटतात. पोटापाण्याच्या उद्योगाला कानडीत 'होट्टेपाडु'. दुसऱ्याचे बरे झाले की मराठीत पोटात दुखते. कानडीत पोटात आग लागते, म्हणून मत्सराचे नाव 'होट्टेकिच्चु'. माया आणखी खोलवर असते : मराठीत आतडे तुटते, कानडीत 'करुळु', म्हणजे आतडेच, उपटून येते.

पोटासाठी चाललेल्या धडपडीवर कानडी संतकवी कनकदासांचे १६व्या शतकातले प्रसिद्ध पद आहे. वेदशास्त्रे नि पंचांग वाचणारा पंडित आणि घोड्यावर बसून लढणारा शिपाई या दोघांनाही ते एकाच रांगेत बसवते. कनकदासांचे बाड हे गाव शिग्गाव तालुक्यात आहे. तो भाग पूर्वी धारवाड जिल्ह्यात होता, १९९७ पासून हावेरी जिल्ह्यात मोडतो.