अंदमानला जाताना पक्ष्यांचं पुस्तक कुठलं? उत्तर निघालं शहाद्यात

सोनगीरहून बोलतोय. मागे टणटण ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या, आमच्या गल्लीत तांबटांचा ठोका थांबत नाही.

तर झालं असं, की डिसेंबरात अंदमानला निघालोय. केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा, त्यात दुर्बीण, कॅमेरा. पुस्तक एकच नेता येईल. आता तुम्ही म्हणाल, फोनमध्ये मर्लिन अ‍ॅप आहे की! आहे, पॅक डाउनलोडही केलाय. पण बेटावर चार्जिंग संपलं की फोन म्हणजे नुसती वीट.

मी पक्षी शिकलो ते सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’वर. १९४१ साली पहिल्यांदा आलेलं पुस्तक. खान्देशातल्या शेतात, धरणाकाठी त्यानं कधी दगा दिला नाही. पण ते आहे नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांचं. अंदमानात कोतवाल वेगळा, टकाचोर वेगळा, भारद्वाजही वेगळा. अली आणि रिप्ली यांचं मोठं ‘हँडबुक’ सगळं सांगतं, पण ते दहा खंड! ते न्यायला टेम्पो लागेल.

मग उरली दोन. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं १९९८चं पुस्तक, आणि पामेला रासमुसेन व जॉन अँडरटन यांचं २००५चं ‘बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया’. हे दुसरं दोन खंडांचं. एका मित्राकडून दोन्ही पुस्तकं आणली, तर वडिलांनी दुसऱ्याचे दोन्ही खंड दुकानाच्या काट्यावरच ठेवले. आमच्याकडे भांडं वजनावर विकतात ना! एका मध्यम कळशीच्या तोडीचं भरलं. वडील म्हणाले, "इतलं ओझं कसाले ली जास?"

याचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८७३ साली अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम बंगालच्या उपसागरातल्या बेटांवर गेला. हो, तोच ह्यूम, १८८५च्या काँग्रेस स्थापनेतला. तो ब्रिटिश सरकारचा अधिकारी, पण पक्ष्यांचा भयंकर नाद. नारकोंडम बेटावरचा धनेश, अंदमानी बुलबुल यांना शास्त्रीय नावं त्याच वर्षी त्यानंच दिली. हा धनेश जगात फक्त त्या सात चौरस किलोमीटरच्या आसपासच्या बेटावर राहतो. भारताच्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचं ह्यूमच्या मनात होतं. अनेक वर्षांची टिपणं सिमल्याच्या घरात होती. नोकरानं ती रद्दीत विकली. वजनावर! ह्यूमचं मनच उडालं आणि त्यानं आपला हजारो पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

त्याच १८७३ साली ह्यूमनं आणखी एका पक्ष्याला नाव दिलं होतं. रानपिंगळा. नमुना आला होता आजच्या छत्तीसगडच्या भागातून. पुढे १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला तो सापडला आपल्या पश्चिम खान्देशात, शहादा-तळोद्याच्या रानात. १८८४ नंतर मात्र गायब. मधे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलानं १९१४ साली गुजरातेत मांडवीला एक मारल्याचं सांगितलं. जग तिथं शोधत बसलं.

रासमुसेनबाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला, तर कर्नलसाहेब चोर निघाले! डेव्हिडसननं जमवलेलाच पक्षी म्युझियममधून उचलून, पुन्हा भुसा भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावलेली. मग खऱ्या ठिकाणांकडे शोध वळला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ला बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत बाईंना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार वेगळा झाला १९९८ला. म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, आणि शाळेत आम्हाला कुणी अवाक्षर सांगितलं नाही. याचा मला अजून राग आहे.

तर हीच बाई त्या जाड पुस्तकाची लेखिका. तिनं बेटांवरचे नमुने, आवाज तसेच तपासले आणि आधी ज्यांना ‘उपजात’ म्हणून सोडून दिलं जायचं त्यातल्या कित्येकांना स्वतंत्र जात मानलं. अंदमानचं गव्हाणी घुबड ‘हँडबुक’मध्ये आपल्या गव्हाणी घुबडाचाच एक प्रकार आहे, इथं ते वेगळी जात आहे. फरक नुसता नावाचा नाही. उपजात संपली तर ‘मुख्य भूमीवर आहेत की’ म्हणता येतं. जात संपली तर ती जगातूनच गेली. जुनं पुस्तक घेऊन गेलो असतो तर ते घुबड पाहून वहीत ‘गव्हाणी, नेहमीचं’ लिहून पुढे गेलो असतो.

तुम्हाला सल्ला विचाराल तर पहिल्यांदाच जाणाऱ्यानं ग्रिमेट-इन्स्किप घ्यावं, २०११ची दुसरी आवृत्ती. हाताळायला सोपं, एकाच खंडात सगळं. मी मात्र रासमुसेनबाईंचा पहिला खंड नेतोय. चित्रं आणि नकाशे त्यातच आहेत. मोजमापं आणि आवाजांचे आलेख असलेला दुसरा खंड घरी राहील. वडिलांनी पुन्हा काट्यावर ठेवून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, आता चालेल.

पुढचा भाग पोर्ट ब्लेअरहून, रेंज मिळाली तर.