राजगडाची सदर आणि आमची बोली

पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरला वळले की वेल्ह्याची वाट लागते. या वाटेवर मार्गासनी हे गाव आहे. तेथून डावीकडे साखरवरून गुंजवण्याला गेले की समोर राजगड उभा राहतो. जुन्या कागदांत हा मुलूख गुंजण मावळ म्हणून येतो, देशमुखी शिळीमकरांची. गडाचे जुने नाव मुरुंबदेव. निजामशाही, मग आदिलशाही पाहिलेला हा डोंगर शिवाजी महाराजांनी बांधून काढला आणि रायगडी जाण्यापूर्वी सुमारे २५ वर्षे स्वराज्याचा कारभार येथून चालवला. १६५९ साली सईबाईंचे निधन येथे झाले, १६६६ साली आग्र्याहून सुटून महाराज येथेच परतले, १६७० साली राजाराम महाराज येथेच जन्मले. तीन माच्या, सदर, तळी, वाड्यांचे चौथरे पाहिले की हा नुसता किल्ला नव्हता, नांदते शहर होते, हे ध्यानात येते.

२६ जानेवारीची सुट्टी साधून आम्ही हे शहर पाहायला गेलो. बरोबर आमचे एक कोकणी स्नेही होते. त्यांची अर्धी हयात आखातात गेली. सुट्टी आली की एखाद्या सोबत्याला घेऊन परमुलखातले शहर पाहून यायचे, हा त्यांचा शौक. मार्गासनीला चहा घेताना ते म्हणाले, "मी मस्कत पाहिले, इस्तंबूल पाहिले. तिथे कधी अवघडलो नाही. इथे मात्र दुसऱ्याच्या घरी निघाल्यासारखे वाटते." ही भावना त्यांच्या एकट्याची नव्हे. आपल्यातल्या पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांच्या मनात ती असते. बोलून दाखवली जात नाही, एवढेच.

या अवघडलेपणावर आपल्याकडे एक ठरलेला इलाज आहे, नावांची यादी. यादी खोटी नाही. पायदळाचे पहिले सरनोबत नूर बेग. त्यांच्यामागून याच मुलखातले येसाजी कंक आले. प्रतापगडाखालच्या भेटीत महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता, तर अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. १६६० साली पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह गेले. वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. वेढा घालणाराही सिद्दीच, सिद्दी जौहर. आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे काझी हैदर महाराजांच्या पश्चात औरंगजेबाकडे गेले आणि तेथे मोठ्या काझीपदाला चढले.

पण ही यादी वाचून आपण थांबतो, तेथेच चुकते. यादी म्हणजे दाखला. दाखला तोच काढतो, ज्याला आपल्या हक्काची खात्री नसते. नूर बेग काही कुणापुढे निष्ठेचा दाखला घेऊन उभे नव्हते. ते चाकरी करीत होते, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखीत होते. त्या काळी माणूस कोणत्या बाजूला उभा राहील, हे वतन, चाकरी, हुन्नर आणि शब्द यांवर ठरे. आजचे तट त्या काळावर चढवले की नूर बेग अपवाद वाटू लागतात आणि कृष्णाजी भास्करही.

यादीहून मोठी साक्ष गडावर चालताना ऐकू येते. तळे, टाके, माची, कडा हे शब्द अस्सल मराठी. डोंगर आणि पाणी यांचे शब्द जिथले तिथलेच असायचे. पण दरवाजा फारसी, बुरूज अरबी, किल्लाही अरबी. बालेकिल्ल्यातला 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. अंबारखाना फारसी. आणि सदर? अरबीत 'सद्र' म्हणजे छाती, मानाची जागा. पद्मावती माचीवर जिथे राजांची बैठक होती, तिला त्यांच्या माणसांनी हेच नाव दिले. आमचे स्नेही तेथे टेकले आणि हसून म्हणाले, "हा शब्द तर आमच्या घरचा."

कागदपत्रांतही हेच. महाराजांची मुद्रा संस्कृत, पत्राचा मजकूर मराठी, मायना फारसी वळणाचा आणि वर्ष शुहूर सनाचे. शुहूर सन अरबी आकड्यांनी लिहीत: खमस म्हणजे पाच, खमसैन म्हणजे पन्नास, अलफ म्हणजे हजार. मकतबात आपली मुले जे आकडे घोकतात, ते मावळातल्या पाटलाच्या आणि कुलकर्ण्याच्या रोजच्या व्यवहारात होते. त्यामुळे कुणाचा धर्म बुडाला नाही की कुणाचे राज्य परके झाले नाही.

ही भाषा बदलण्याचा यत्नही झाला. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्यात सुमारे १४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य. नवे सिंहासन, नवी प्रतिष्ठा. त्याला आपला शब्द हवा, हे रास्तच होते. सचिव तर असा रुजला की पुढे भोरचे संस्थानिक १९४८ पर्यंत पंतसचिव म्हणवले. पण पेशवा हा शब्द जाता जाईना. पुढच्या शतकात त्याच नावाने मराठी राज्य ओळखले गेले.

उलट बाजूनेही हुकूम निघाले. १७०४ साली औरंगजेबाने राजगड घेतला आणि नाव ठेवले नबीशाहगड. मग शेजारचा तोरणा घेतला. त्याला फुतूहुल्गैब, म्हणजे दैवी विजय, असे नाव दिले. बादशहाचे वय तेव्हा ८५. मराठ्यांनी गड परत घेतले आणि ती नावे विरून गेली. गुंजवण्याच्या गुराख्याला फुतूहुल्गैब ठाऊक नाही, पण बुरूज आणि दरवाजा ठाऊक आहेत. तख्तावरून आलेला शब्द, फारसी असो की संस्कृत, लोकांना गरज असली तरच टिकतो. जो शब्द गवंड्याच्या, शिपायाच्या आणि कारकुनाच्या तोंडी बसला, तो कुणाच्या काढण्याने निघाला नाही. आपलेही या भूमीशी नाते तख्ताचे नाही, याच माणसांचे आहे. मेलेल्या बादशहाचा हिशेब देणे आपल्या अंगावर नाही आणि नूर बेगांचा दाखला मिरवण्याचीही गरज नाही.

२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय घेतला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांत राजगड आहे. आता गर्दी वाढेल. त्या गर्दीत आपली मुलेही असावीत. पुढच्या सुट्टीला त्यांना दुबईचे मनोरे दाखवण्याआधी मार्गासनीच्या वाटेने वर न्यावे, सदरेवर बसवावे आणि विचारावे, यातले कोणते शब्द तुम्हाला घरात ऐकू येतात?