पंचशील करार : व्यापार लिहिला, सीमा राहिली

बुद्धविहारात आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा समोरचा ते पाळेल की नाही असा प्रश्न विचारत नाही. शील ही स्वतःच स्वतःवर घातलेली बंधने असतात. दोन सरकारांमधला करार मात्र दोघांनीही पाळला तरच टिकतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की काय होते, हे 1954 च्या भारत-चीन करारात दिसते.

अनेकांना पंचशील हा स्वतंत्र शांतता करार वाटतो. तसे नव्हते. 31 डिसेंबर 1953 पासून पेकिंगमध्ये वाटाघाटी सुरू होत्या, त्या तिबेट आणि भारत यांच्यातील व्यापार आणि ये-जा यांबद्दल. 29 एप्रिल 1954 रोजी करारावर सह्या झाल्या आणि त्याच्या प्रस्तावनेत ती गाजलेली पाच तत्त्वे आली. मूळ कलमे मात्र व्यवहाराची होती. यातुंग, ग्यांत्से, गारतोक येथे भारताच्या व्यापारी कचेऱ्या. दिल्ली, कलकत्ता, कालिंपाँग येथे चीनच्या. व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी शिपकी, माणा, नीती, कुंग्री बिंग्री, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडी.

भारताने काय सोडले? यातुंग आणि ग्यांत्से येथील लष्करी तुकड्या सहा महिन्यांत माघारी घेण्याचे मान्य केले. तिबेटमधील टपाल, तार, टेलिफोन व्यवस्था आणि 12 विश्रामगृहे देऊन टाकली. हे हक्क ब्रिटिशांनी मिळवलेले होते, ते सोडायलाच हवे होते, हे आम्हालाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की बदल्यात काय मिळवले? तिबेट हा ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असल्याचे करारात लिहून दिले. दोन्ही देशांची सीमा कोणती, यावर एक ओळही घेतली नाही. सीमेचा विषय आपण होऊन काढायचा नाही, असे दिल्लीचे धोरणच होते. खिंडींची नावे लिहिली म्हणजे सीमा मान्य झाली, हा आपला समज. चीनने तो कधीच कबूल केला नाही. सह्यांची शाई वाळते न वाळते तोच, जुलै 1954 मध्ये, नीती खिंडीजवळच्या बाराहोतीत भारतीय जवान असल्याबद्दल चीनने निषेधाचा खलिता पाठवला.

देश ‘हिंदी-चिनी भाई-भाई’च्या घोषणांत रंगला होता, तेव्हा 26 ऑगस्ट 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यसभेत उभे राहिले. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते, असे त्यांनी सुनावले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची हद्द भारताच्या दारापर्यंत आणून ठेवली, हेही स्पष्ट सांगितले.

हा एका दिवसाचा राग नव्हता. 1951 मध्ये मंत्रिपद सोडतानाही परराष्ट्र धोरण हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. 350 कोटींच्या महसुलातले सुमारे 180 कोटी लष्करावर जातात, हा त्यांचा हिशेब होता. मित्र न जोडणाऱ्या धोरणाची किंमत गरिबाच्या ताटातून वसूल होते, हे त्यांना दिसत होते.

नेहरूंचे समर्थक विचारतात, तिबेटसाठी लढण्याची ताकद भारताकडे होती का? नव्हती, असे धरून चालू. पण ताकद कमी असते तेव्हाच कागदावरचा शब्द जपून लिहून घ्यावा लागतो. सोडण्यासारखे काही हातात होते, तोच सीमेबद्दल बोलण्याचा क्षण होता.

आठ वर्षांची मुदत जून 1962 मध्ये संपली, करार वाढवला गेला नाही. 20 ऑक्टोबरला युद्ध पेटले. जवान मेले, त्याचबरोबर खिंडीही बंद झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या धान्य देऊन मीठ-लोकर आणणाऱ्या भोटिया व्यापाऱ्यांचा धंदा बुडाला. लिपुलेखमधून पुन्हा व्यापार सुरू व्हायला 1992 उजाडले.

बाबासाहेबांना फक्त संविधानाच्या चौकटीत बसवणाऱ्यांनी राज्यसभेतले ते भाषण मुळातून वाचावे. शेजाऱ्याशी व्यापार हवाच, मैत्रीही हवी. पण जिथे सीमा लिहायची तिथे सुभाषित लिहून भागत नाही, हे त्यांनी युद्धाच्या आठ वर्षे आधी ओळखले होते.