घरगुती संगणकाचा वेग आणि हार्ड डिस्कची निवड

संगणक सुरू करावा आणि चहा होईपर्यंत पडद्याकडे पाहत बसावे, हा अनुभव अनेक घरांत नित्याचा आहे. अशा वेळी दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात खोळंबा होतो तो बऱ्याचदा हार्ड डिस्कपाशी.

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या त्या यंत्राची क्षमता होती अवघी ५० लाख अक्षरे. त्यानंतर तबकड्या लहान झाल्या, क्षमता लाखो पटींनी वाढली, पण मूळ तत्त्व बदलले नाही. फिरत्या तबकडीवरील हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत संगणकाला थांबावेच लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये ही प्रतीक्षा सरासरी ४.२ मिलिसेकंद असते, तर ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये ५.६ मिलिसेकंद. शीर्ष योग्य पट्ट्यावर सरकण्यास साधारण ९ मिलिसेकंद लागतात. या हिशेबाने ७,२०० फेऱ्यांची डिस्क विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वेळा वाचू शकते. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली उघडाव्या लागतात. चहाला वेळ मिळतो तो यामुळेच.

यावर पूर्वी नाना उपाय केले जात. २००३ मध्ये मिनिटाला १०,००० फेरे घेणारी रॅप्टर ही डिस्क घरगुती ग्राहकांसाठी आली. ती वेगवान होती, पण महाग आणि क्षमतेने लहान. एकाच डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे भाग पाडण्याची पद्धतही रूढ झाली. यामुळे आवराआवर सोपी होते, मात्र वाचनशीर्षांचा संच एकच असल्याने दोन्ही भागांवर एकदम काम सुरू झाले की त्याची धावपळ उलट वाढते. कार्यप्रणाली एका स्वतंत्र डिस्कवर व फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग होय.

रेड या पद्धतीविषयी मात्र सावध राहावे. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात तिची मांडणी केली. तिच्यातील ‘रेड शून्य’ या प्रकारात माहितीचे तुकडे दोन डिस्कवर वाटले जातात आणि मोठ्या फायली जवळपास दुप्पट वेगाने वाचता येतात. लहान फायलींसाठीची प्रतीक्षा त्याने कमी होत नाही. शिवाय दोहोंपैकी कोणतीही एक डिस्क बिघडली तरी सर्व माहिती जाते. एका डिस्कच्या बिघाडाची शक्यता वर्षाला ५ टक्के धरली, तर जोडीची ती पावणेदहा टक्के होते. मुलांची छायाचित्रे व घराची कागदपत्रे अशा जोडीवर ठेवणे म्हणजे जुगारच. ‘रेड एक’मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती राहते, परंतु चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते, म्हणून तिला राखीव प्रत म्हणता येत नाही.

खरा फरक घडवला तो एसएसडीने. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने प्रतीक्षा मिलिसेकंदाच्याही अंशावर येते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाईट वाचते, एनव्हीएमई प्रकारची ३,५०० ते ७,००० किंवा त्याहूनही अधिक. आकडे दिपवणारे असले तरी पत्रलेखन, इंटरनेट आणि हिशेब यांसाठी या दोहोंतील फरक फारसा जाणवत नाही. दहा वर्षांच्या जुन्या संगणकात साधी साटा एसएसडी बसवली तरी कायापालट होतो. जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमईवरून संगणक सुरू होईलच असे नाही, आणि एम डॉट टू आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई असतेच असेही नाही. खरेदीपूर्वी मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी.

सर्वसाधारण घरासाठी कार्यप्रणाली व नेहमीच्या प्रोग्रॅमसाठी ५०० जीबीच्या आसपासची एसएसडी आणि चित्रपट, छायाचित्रे यांच्यासाठी मोठी हार्ड डिस्क ही मांडणी पुरेशी ठरते. मोठी डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची आहे का, हे विचारावे. तिच्यातील पट्टे कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले असल्याने सतत लिहिताना वेग घसरतो. असे उत्पादन स्पष्ट उल्लेख न करता विकले गेल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते.

एसएसडीवर डीफ्रॅगमेंट करू नये. त्याने वेग वाढत नाही, झीज मात्र होते. तिच्यावरून पुसलेली फाईल ट्रिम या सोयीमुळे बहुधा परत मिळत नाही, म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.